तळ्याभोवती, की तळ्यापर्यंत?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीच्या खर्चाला दहा मिनिटे लागली आणि एका वॉकला पाऊण तास. ठाण्यात थंडी पडली की रविवारी सकाळी असे वॉक निघतात; कधी कर्करोगासाठी, कधी झाडांसाठी. हा दिव्यांग मुलांसाठीचा. उपवन तलावाच्या काठाने फेरी, नोंदणीचे पैसे भरले की टी-शर्ट, शेवटी पोहे आणि चहा, जमलेली रक्कम विशेष मुलांच्या एका शाळेला. सोसायटीने यंदा सगळ्यांच्या वतीने नोंदणी करावी का, एवढाच प्रश्न होता. एक गट म्हणाला, हा सगळा देखावा आहे. मुलांना पुढे बसवायचे, फोटो काढायचे आणि आपल्या मनाला बरे वाटून घ्यायचे. दुसरा गट उसळला: निदान कुणीतरी काहीतरी करतेय, तुम्ही घरी बसून काय केलेत? मग एकमेकांच्या हेतूंची झाडाझडती सुरू झाली. मनापासून कोण चालतो आणि फोटोसाठी कोण, याचा निवाडा करता करता रात्रीचे साडेदहा वाजले. हा वॉक कुठून निघतो आणि कुठे पोचतो, हे मात्र एकानेही विचारले नाही.

माझ्या मते विचारायला हवे होते ते तेवढेच. वॉक निघालाच पाहिजे, आणि आजच्यापेक्षा दसपट मोठा निघाला पाहिजे. पण जिथून निघाला तिथेच परत येणारा नको. ज्या मुलांसाठी आपण चालतो, त्यांच्या रोजच्या वाटेवरून तो जावा, आणि ती वाट नीट करणे ज्यांचे कायद्याने कर्तव्य आहे त्यांच्या दारात, हातात लेखी मागणी घेऊन थांबावा. पैसे जमवावेत, जरूर जमवावेत. पण ते त्या दिवसाचे दुसऱ्या क्रमांकाचे काम असावे. हे मी लांबून बोलत नाही. माझ्या बहिणीचा मुलगा अकरा वर्षांचा आहे, त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. अशाच एका वॉकमध्ये मी तीन वर्षांपूर्वी त्याची व्हीलचेअर ढकलत चालले आहे.

तो दिवस सांगायलाच हवा. फेरी छान झाली. रस्ता सकाळपुरता वाहनांना बंद होता, तळ्यावरून गार वारा येत होता, ओळखीपाळखीचे लोक भाच्याशी येऊन बोलत होते आणि तो खुशीत होता. शेवटी मुलांचा सत्कार होता. त्यासाठी व्यासपीठ उभारले होते, साधारण तीन फूट उंच, चढायला चार लाकडी पायऱ्या. दिव्यांग मुलांच्या कार्यक्रमातल्या व्यासपीठाला उतार नव्हता. माझ्या भाच्याचे नाव पुकारले तेव्हा चार तरुण धावत आले आणि त्यांनी त्याला खुर्चीसकट उचलले. उजवीकडच्याने हात टेकायचा दांडा धरला. तो दांडा काढता-घालता येणारा असतो, उचलताना तो कधीच धरायचा नसतो. पण हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? खटका सुटला आणि खुर्ची एका अंगाला कलली. भाचा घाबरला की त्याचे दोन्ही पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, तसे चढले. खाली टाळ्या चालू होत्या. काही विपरीत घडले नाही. त्याला वर ठेवले, शाल घातली, फोटो झाला, पुन्हा चौघांनी खाली आणले. ते तरुण चांगले होते. त्यातला एकजण नंतर पाण्याची बाटली घेऊन आला आणि दोनदा माफी मागून गेला. घरी येताना रिक्षात भाच्याने मला विचारले, “मावशी, ते खाली का नाही आले? त्यांना तर पायऱ्या उतरता येतात.”

तीन वर्षे मी या वाक्याला उत्तर शोधते आहे. आपल्याकडे सार्वजनिक इमारतींसाठी उताराचे जे प्रमाण मानले जाते ते एकास बारा आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबी. म्हणजे त्या तीन फुटी व्यासपीठाला छत्तीस फुटांचा उतार लागला असता. मैदानात तेवढी जागा होती. आणि नसती तरी काय बिघडले असते? सत्कार जमिनीवर करता आला असता. मुलाला वर चढवण्याऐवजी पाहुण्यांनी चार पायऱ्या उतरायच्या होत्या. हे कुणाच्या मनातही आले नाही, कारण संपूर्ण कार्यक्रमात मूल हे चालण्याचे निमित्त होते. त्याची वाट कशी असते, हा त्या कार्यक्रमाचा विषयच नव्हता.

आता सभेतल्या पहिल्या गटाकडे वळते, कारण त्यांच्या बोलण्यात मोठे सत्य आहे. दया वरून खाली येते आणि घेणाऱ्याला खालीच ठेवते, हे अपंग माणसांनी स्वतः जगभर सांगितले आहे. १९९२ साली लंडनमध्ये एका दूरचित्रवाणी वाहिनीच्या निधी-संकलनाच्या महाकार्यक्रमावर शेकडो अपंग माणसे मोर्चा घेऊन गेली. आमची दया दाखवून पैसे गोळा करू नका, अशी त्यांची मागणी होती. तो कार्यक्रम त्यानंतर पुन्हा झाला नाही. आपल्याकडे बाबा आमट्यांनी १९४९ पासून आनंदवन उभे केले ते कुष्ठरोग्याच्या हातात भिकेच्या वाडग्याऐवजी कुदळ आणि माग देऊन. तेव्हा ‘आपल्या मनाला बरे वाटण्यासाठी दुसऱ्याचे मूल वापरू नका’ असे कुणी म्हणत असेल, तर मी त्याच्या बाजूने हात वर करते.

पण हा गट तिथेच थांबतो, आणि माझा राग तिथे सुरू होतो. वॉक बंद करा, म्हणजे काय करा? शाळेच्या विशेष शिक्षिकेचा पगार त्या महिन्यात कुठून येईल? ज्या घरात असे मूल आहे त्या घराचा हिशेब मला तोंडपाठ आहे. आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी, दोनदा ऑक्युपेशनल थेरपी, वाचा-उपचार, दर दीड-दोन वर्षांनी पायाचे नवे स्प्लिंट कारण मूल वाढते, आणि प्रत्येक फेरीला रिक्षाचे जाणे-येणे. माझ्या बहिणीने नोकरी सोडली ती याच धावपळीपायी. म्हणजे खर्च दुप्पट झाला तेव्हाच मिळकत निम्मी झाली. अशा घराला कुणी तत्त्वज्ञान सांगू लागला की आधी हक्क, मग मदत, तर ते घर ऐकून घेईल आणि दार लावून घेईल. मुलाची पहिली सहा वर्षे कुठल्याही न्यायनिवाड्यासाठी थांबत नाहीत. तेव्हा जे स्नायू आणि जे शब्द घडायचे राहून जातात, ते पुढे घडवायला दसपट कष्ट पडतात. सरकारलाही हे कळते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ च्या फेब्रुवारीत झाली ती पालघरला, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होते. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करून व्यंग आणि विकासातला विलंब लवकर हेरायचा, आणि त्यासाठी जिल्ह्या-जिल्ह्यात शीघ्र हस्तक्षेप केंद्रे चालवायची, ही त्यातली कल्पना. कल्पना उत्तम आहे. पण ज्या आईला आज संध्याकाळी थेरपिस्टचे पैसे द्यायचे आहेत, तिला वॉकमधून आलेला धनादेश तुच्छ वाटत नाही. तो तुच्छ मानण्याचा अधिकार ज्याचे मूल तिथे जात नाही त्याला तर नाहीच नाही.

दुसरी गोष्टही मान्य करते. वॉकमुळे ही मुले दिसतात. आपल्याकडे अशी मुले कितीतरी घरांत आतल्या खोलीत वाढतात. पाहुणे आले की दार ओढून घेतले जाते, लग्नकार्याला मुलाला आजीजवळ ठेवून जातात. आमच्या आईला सुरुवातीला नातवाला घेऊन देवळात जायला संकोच वाटायचा. लोक काय विचारतील, कोणाच्या नशिबाचे बोलतील. तळ्याकाठी त्या सकाळी तिने पन्नास खुर्च्या एका रांगेत पाहिल्या आणि घरी येऊन म्हणाली, “मला वाटायचं आपलाच एकटा आहे.” एवढे एक वाक्य मिळाले तरी नोंदणीचे पैसे फिटले, असे कुणी म्हटले तर मी भांडणार नाही.

मग अडते कुठे? दुसऱ्या गटाचा सगळ्यात पक्का मुद्दा घ्या: थेंबे थेंबे तळे साचे, लोकांच्या छोट्या देणग्यांनी मोठी कामे झाली आहेत. खरे आहे. याचे सगळ्यात झगझगीत उदाहरण पोलिओचे आहे. अमेरिकेत १९३८ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी, जे स्वतः त्या आजाराने अधू झाले होते, पोलिओविरुद्ध एक संस्था काढली आणि लोकांना दहा-दहा सेंटची नाणी पाठवण्याचे आवाहन झाले. ‘मार्च ऑफ डाइम्स’ म्हणून ती मोहीम गाजली. त्या नाण्यांवर संशोधन चालले आणि १९५५ साली साल्क यांची लस यशस्वी ठरली. त्याच संस्थेने १९७० मध्ये निधीसाठी लोकांचे वॉक काढायला सुरुवात केली. आजच्या आपल्या वॉकचे गोत्र तिथवर जाते. मग जे पोलिओला जमले ते इथे का जमू नये?

कारण प्रश्नाची जातच वेगळी आहे. पोलिओची लस जगात कुणालाच ठाऊक नव्हती. ती शोधायची होती, आणि शोधायला पैसा लागतो. माझ्या भाच्याला जे हवे आहे त्यातले काय शोधायचे बाकी आहे? उतार एकास बारा असावा, हे ठरलेले आहे. प्राथमिक वर्गांत अशा दहा मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशातून ठरलेले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. मोठ्या दिव्यांगत्वाच्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. जुन्या सार्वजनिक इमारती नियम झाल्यापासून ५ वर्षांत सुगम, म्हणजे दिव्यांगांना सहज वावरता येईल अशा, करायच्या, असेही ठरले. ती मुदत २०२२ मध्ये संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुगमतेचे किमान निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत. इतके सगळे माहीत आहे, ठरले आहे, छापले आहे. उणीव आहे ती अंमलाची. देणगीतून नवा शोध विकत घेता येतो. दुसऱ्याने टाळलेले कर्तव्य विकत घेता येत नाही.

उलट, देणगी त्या कर्तव्याला पळवाट देते. हे मला पुस्तकातून कळलेले नाही. भाचा पाच वर्षांचा झाला तेव्हा बहीण त्याला घेऊन जवळच्या एका चांगल्या शाळेत गेली. मीही बरोबर होते. मुख्याध्यापिका अतिशय गोड बोलल्या. वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरतो, लिफ्ट नाही, मदतनीस नाही, बाकीच्या पालकांचाही विचार करावा लागतो. आणि मग, अगदी मनापासून: “अशा मुलांसाठी किती सुंदर संस्था आहेत हो ठाण्यात! आम्ही दरवर्षी त्यांच्या वॉकला शाळेतर्फे शंभर मुलं पाठवतो.” बहीण ‘थँक्यू’ म्हणून उठली. मी जिना उतरताना पायऱ्या मोजल्या, बत्तीस होत्या. त्या शाळेच्या मनात खोट नव्हती. ती खरोखरच शंभर मुलांना पाठवत असेल, आणि म्हणूनच एका मुलाला घेण्याची जबाबदारी आपल्यावर नाही असे तिला प्रामाणिकपणे वाटत होते. शासनमान्य शाळेने अशा मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इमारत सुगम करावी, त्याच्या गरजेप्रमाणे सोयी द्याव्यात, हे कायद्याचे सोळावे कलम आहे. पण वॉकमध्ये दान देऊन झाले की ते कलम कुणाला आठवणार? पुण्य पदरात पडलेले असते.

इथे मला महाड आठवते. ही तुलना मी जपून करते आहे. अस्पृश्यता माणसांनी जाणूनबुजून लादलेला अन्याय होता, आणि दिव्यांग मुलांची अडचण बव्हंशी आपल्या विसरभोळेपणाची आहे. दोन्ही दुःखे एका तागडीत तोलायची नाहीत. मी त्यातून फक्त एक धडा उचलते. १९२३ साली मुंबई विधिमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला होता की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये आपले तळे खुले केल्याचा ठराव केला होता. कागदावर चवदार तळे तीन वर्षे खुले होते. पाणी कोण पीत होते? २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन चालत गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावाचा अर्थ सगळ्या देशाला कळला. समजा त्या दिवशी ती परिषद तळ्याकडे न जाता गावाबाहेर एक विहीर खोदायला वर्गणी काढून पांगली असती, तर? विहीर उपयोगी पडली असती, पाणी गोड लागले असते, आणि चवदार तळे आणखी किती वर्षे कागदावरच खुले राहिले असते? तळ्याभोवती फिरणे आणि तळ्यापर्यंत जाणे यांत हे अंतर आहे.

दिव्यांगांच्या चळवळीतही असेच घडले आहे. १२ मार्च १९९० रोजी वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलसमोर कितीतरी अपंग स्त्री-पुरुषांनी व्हीलचेअर आणि कुबड्या खाली ठेवल्या आणि संसदेच्या दगडी पायऱ्या ते हातांवर, कोपरांवर सरपटत चढले. त्यांत आठ वर्षांची एक मुलगीही होती, तिलाही सेरेब्रल पाल्सी होती. रखडलेला अपंग हक्क कायदा त्याच वर्षी २६ जुलैला सहीनिशी पक्का झाला. आपल्या कुठल्याही मुलावर असे सरपटण्याची वेळ येऊ नये, हे सांगायला नकोच. पण एक लक्षात घ्या: त्या दिवशी पायऱ्या हाच विषय होता. आमच्या व्यासपीठाच्या चार पायऱ्या जशा कुणाला दिसल्याच नाहीत, तशा त्या पायऱ्या अदृश्य राहिल्या नाहीत.

यावर मला सभेनंतर जिन्यात एका काकांनी जे सांगितले तो आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. ते म्हणाले, “ताई, मागणीचं निवेदन हातात घेतलं की तो मोर्चा झाला. मोर्चाला पोलिसांची परवानगी, मोर्चाला राजकारण. प्रायोजक पळतील, रविवारी बायकामुलांना घेऊन येणारी माणसं येणार नाहीत. आज पाचशे येतात, उद्या पन्नास येतील.” काका वर्षानुवर्षे या वॉकसाठी राबतात, म्हणून त्यांचे म्हणणे मी हलके घेत नाही. काही प्रायोजक जातील, हे मान्य. टी-शर्ट कदाचित मिळणार नाहीत. परवानगी तर आजही लागतेच. पण मागणी घेऊन चालणाऱ्यांपासून ठाणेकर पळतात, हे मी मानायला तयार नाही, कारण मी उलटे पाहिले आहे. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च ठाण्यातून मुंबईकडे गेला. वनजमिनीच्या हक्कापासून कर्जमाफीपर्यंत नेमक्या मागण्या घेऊन आदिवासी बाया-माणसे चालत होती, कितीकांच्या तळपायांची सालटी निघाली होती. लोकांनी तोंड फिरवले का? वाटेत ठिकठिकाणी पाणी, बिस्किटे, चपला घेऊन माणसे उभी राहिली. ज्यांनी कधी शेत पाहिले नाही अशा घरांतून जेवणाचे डबे आले. आणि दहावीच्या मुलांच्या परीक्षेला त्रास नको म्हणून त्या मोर्चाने शेवटचा टप्पा रात्रीत चालून काढला. मागणी असूनही माणुसकी आटली नाही, दोन्ही बाजूंची. रविवारच्या त्या पाचशे माणसांना आपण फार कमी लेखतो आहोत. त्यांना एवढेच सांगितले गेले आहे की पैसे भरा आणि तळ्याला फेरी मारा. याहून जास्त काही त्यांच्याकडे मागितलेच कुठे?

आणि मागायचे काय, हे काही धूसर नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा, असा राज्याचा आदेश आहे. दर शंभर कोटींमागे पाच कोटी. आपल्या शहरांच्या अंदाजपत्रकांचे आकडे हजारो कोटींत असतात. वॉकमधून वर्षाकाठी येतात काही लाख. तेही कष्टाने, घरोघर फिरून. मग त्याच पाचशे माणसांनी एक साधा अर्ज केला की आमच्या प्रभागात या निधीतून गेल्या वर्षी किती खर्च झाला, कशावर झाला, किती उरला, तर? माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. एका टी-शर्टच्या पैशात असे कितीतरी अर्ज होतात. हा निधी कुठे चांगला खर्चही होत असेल. तसे कळले तर टाळ्या वाजवायला मी पहिली उभी राहीन. पण विचारल्याशिवाय कळणार कसे?

महापालिकांना हे जमत नाही, हे काम संस्थांनीच करायचे असते, असेही आपल्याकडे गृहीत धरले जाते. खाडीपलीकडे बघा. वाशीला नवी मुंबई महानगरपालिकेचे इटीसी केंद्र आहे. दिव्यांग मुलांचे शिक्षण, प्रशिक्षण आणि उपचार एकाच छताखाली चालवणारे, महापालिकेने स्वतः उभे केलेले. आमच्या ओळखीतल्या एका आईने केवळ त्यासाठी घर बदलले. तिला मी विचारले, काय फरक वाटतो? ती म्हणाली, “इथे मला कुणाचे आभार मानावे लागत नाहीत.” आपण कर भरतो आणि मूल शाळेत जाते, एवढे साधे ते आहे. हे वाक्य मी मुद्दाम त्या सभेत वाचून दाखवणार होते, पण वेळ संपली होती.

आकड्यांचा एक भाग जाता जाता सांगते. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, लोकसंख्येच्या २.२१ टक्के, ५ ते १९ वयाच्या दिव्यांग मुलांपैकी शाळा-महाविद्यालयात जाणारी ६१ टक्के होती. तेव्हा मोजणी आठच प्रकारांत झाली होती. कायद्याने आज एकवीस प्रकार मानले आहेत. शिकण्यातल्या अक्षमतेची किंवा स्वमग्नतेची मुले त्या मोजणीत वेगळी दिसतच नाहीत. ज्यांना आपण मोजलेच नाही, त्यांच्यासाठी किती शिक्षक लागतील हे कसे ठरवणार? आपल्या वॉकने नुसती आपल्या प्रभागातली अशी घरे शोधून, घरच्यांच्या संमतीने यादी केली, तरी ते जमलेल्या रकमेहून मोलाचे ठरेल.

पैशाबद्दलही दोन शब्द. जमलेला निधी वस्तूंवर जातो, कारण वस्तूंचा फोटो निघतो. मी एका संस्थेच्या कोठीत नव्या कोऱ्या सहा व्हीलचेअर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या पाहिल्या आहेत. सगळ्या मोठ्या माणसांच्या मापाच्या. मुलाला मापाबाहेरची खुर्ची दिली की पाठीचा कणा एका बाजूला झुकत जातो. त्या संस्थेला खुर्च्या नको होत्या, वाचा-उपचार करणारी व्यक्ती हवी होती, आठवड्याला तीन दिवस, वर्षभर. पगाराचा फोटो निघत नाही. म्हणून वॉकच्या आयोजक मंडळात निम्मे पालक असावेत आणि खर्चाचा हिशेब त्यांच्या सहीने लागावा, अशी माझी दुसरी मागणी आहे. देणाऱ्याच्या मनावर संशय घ्यायला नको, पण गरज काय आहे हे घेणाऱ्यालाच विचारायला हवे.

आता वाटेचे. माझा भाचा वर्तकनगरला राहतो आणि त्याची थेरपी पाचपाखाडीत आहे. मध्ये महामार्ग ओलांडावा लागतो. अंतर जेमतेम अडीच-तीन किलोमीटर, म्हणजे तळ्याच्या फेऱ्यांइतकेच. महापालिकेचे मुख्यालयही पाचपाखाडीतच आहे. तेव्हा वॉकचा नवा मार्ग आखायला नकाशा लागत नाही. तो मुलगा आठवड्यातून तीनदा त्याच मार्गाने जातो. फक्त रिक्षाने जातो, कारण खुर्चीने जाता येत नाही.

सभेनंतरच्या रविवारी आम्ही ती वाट खुर्चीनेच धरली. भाचा, त्याची आई, मी, आणि सोसायटीतली नववीतली दोन मुले. मोजायला टेप आणि लिहायला वही. टेपचे एक टोक भाच्याच्या हातात, कारण तो म्हणाला खुर्चीची उंची सगळ्यात बरोबर तोच सांगू शकतो. निघालो तेव्हा सात वाजले होते, पोचायला सव्वानऊ झाले. फुटपाथ रस्त्यापासून नऊ इंच उंच असलेल्या जागा चौदा. दुचाकी वर चढू नयेत म्हणून रोवलेले खांब चार ठिकाणी. सगळ्यात मोठी फट पंचवीस इंचांची, खुर्ची सव्वीस इंचांची. पेव्हर ब्लॉक खचून पुढचे छोटे चाक अडकण्याच्या जागा नऊ. एका ठिकाणी चाक असे रुतले की नववीतल्या मुलाने पोटावर झोपून ते सोडवले. अंधांसाठीच्या पिवळ्या खाचांच्या फरश्या एके ठिकाणी थेट झाडाच्या बुंध्यात जातात. महामार्ग ओलांडताना सिग्नल हिरवा होऊन लाल झाला तेव्हा आम्ही निम्म्यावर होतो. भाच्याने डोळे मिटून घेतले होते आणि बहीण “आलं, आलं, आलं” म्हणत ढकलत होती. उतार केलेल्या जागा पाच होत्या. त्यातली एक अगदी बरोबर, एकास बाराची. भाच्याने तिथे थांबायला लावले, दोनदा वर-खाली केले आणि वहीत तीही नोंद करायला सांगितली.

वहीची चार पाने भरली. नववीतल्या मुलीने ती स्वच्छ अक्षरात पुन्हा उतरवून काढली, प्रत्येक नोंदीपुढे ठिकाण आणि माप. निवेदनाला हीच चार पाने जोडायची, असे आम्ही पाचांनी ठरवले आहे. सचिवांकडे प्रत दिली आहे. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर ‘वॉकचा मार्ग बदलणे’ हा विषय पाण्याच्या टाकीनंतर लगेच घेतला आहे, आणि वॉकवाल्या काकांनी त्याला अनुमोदन दिले आहे. त्यांची एकच अट आहे: पोहे त्यांच्याकडे राहतील.